तो शाळेतच आहे

सकाळी नऊ वाजून गेले की मी फोन लावायला बसते. मध्य ऑस्ट्रेलियात ॲलिस स्प्रिंग्समधल्या एका शाळेच्या ऑफिसात माझी नोकरी आहे, म्हणजे ॲडमिशनचे फॉर्म, हरवलेल्या टोप्या, खरचटलेले गुडघे आणि हजेरी. वर्गावर्गातून हजेरी कॉम्प्युटरवर येते, जी मुलं आली नाहीत त्यांच्या घरी फोन करायचा, कारण विचारायचं आणि यादीतला एक पर्याय निवडायचा, आजारी, डॉक्टरकडे, घरगुती कारण, विनाकारण. त्या दिवशी चौथीतल्या एका ॲबोरिजिनल, म्हणजे इथल्या मूळ लोकांतल्या, मुलाच्या आजीला फोन लावला. बरेच दिवस आला नव्हता तो. पलीकडून वाऱ्याचा घोंगाट आणि कुत्र्यांचं भुंकणं ऐकू येत होतं, मी नेहमीचं वाक्य म्हटलं की आज तो शाळेत आलेला नाही, तर त्या एकदम शांतपणे म्हणाल्या, "आहे की. तो शाळेतच आहे. आजोबांबरोबर आहे." मला वाटलं माझ्या ऐकण्यात काहीतरी गडबड झाली, पुन्हा विचारलं, पुन्हा तेच उत्तर, वर त्या जागेचं नावही सांगितलं, वायव्येला वाळवंटात कुठेतरी, जिथलं त्याच्या आजोबांचं मूळ आहे. आणि रेंज गेली.

मी "घरगुती कारण" निवडलं. यादीत त्याच्या जवळ जाणारं दुसरं काही नव्हतं.

पण ते वाक्य काही डोक्यातून जाईना. सबबी मी रोज ऐकते, सबब सांगणाऱ्याच्या आवाजात एक घाई असते, ती त्यांच्या आवाजात अजिबात नव्हती. उलट मीच काहीतरी चुकीचं विचारतेय आणि त्या मला समजावून सांगतायत असा सूर होता. आणि हजेरी ही इथे नुसती शिस्तीची गोष्ट नाहीये. २०१५ पासून नॉर्दर्न टेरिटरीत, म्हणजे आमचं गाव ज्या प्रांतात आहे तिथे, सरकारी शाळांचं बजेट पटावरच्या नावांवरून नाही तर प्रत्यक्ष हजेरीवरून काढायला लागले, म्हणजे जिथे मुलं कमी येतात तिथे पैसे कमी, पैसे कमी म्हणून शिक्षक कमी, आणि शिक्षक टिकत नाहीत म्हणून मुलं आणखी कमी. कित्येक वर्षं ओरड झाल्यावर अलीकडे ते धोरण मोडीत काढायचं ठरलं. २०१४ ला केंद्र सरकारने दूरदूरच्या वस्त्यांमध्ये माणसं नेमली, पिवळे शर्ट घातलेली, सकाळी घरोघर जाऊन मुलांना उठवून शाळेत आणून सोडायला. सगळा जोर काय तर मूल इमारतीत आलं पाहिजे. इमारतीत आल्यावर त्याला कुठल्या भाषेत, कोण आणि काय शिकवणार ह्याच्यावर त्या मानाने फार थोडं बोललं जातं.

हेही मी सांगायलाच हवं की प्रत्येक गैरहजेरीच्या मागे आजोबा नसतात. एका घरात चार घरांची माणसं राहतायत म्हणून रात्रभर झोप नाही, कान फुटलाय आणि ऐकू येत नाही म्हणून वर्गात बसवत नाही, आईबरोबर हॉस्पिटलला गेलंय, अशी मुलंही माझ्या यादीत असतात आणि ती कुठेच शिकत नसतात. त्यांची काळजी वाटते मला, खरंच वाटते. पण त्या आजींच्या नातवाला त्यांच्याच रकान्यात टाकायचं हे काही मनाला पटत नव्हतं.

इथे येऊन राहिल्यावर पहिल्यांदा कानाला जाणवतं की हे गाव इंग्रजीत चालत नाही. सुपरमार्केटच्या रांगेत पुढे अरेर्न्ता, मागे वार्लपिरी, बाहेर कट्ट्यावर लुरिचा, सगळ्या इथल्या ॲबोरिजिनल भाषा, आणि आठ वर्षांचं पोर आजीशी एका भाषेत, मावशीशी दुसऱ्या भाषेत आणि काउंटरवरच्या मुलीशी इंग्रजीत बोलत असतं. ॲडमिशनच्या फॉर्मवर मात्र घरच्या भाषेसाठी एकच जागा आहे. गावाला लागून ज्या मॅकडॉनेल रांगा आहेत, संध्याकाळी आधी केशरी मग जांभळ्या पडणाऱ्या, त्या अरेर्न्ता लोकांसाठी पूर्वज सुरवंटांच्या प्रवासाच्या खुणा आहेत, ही जमीन त्या सुरवंटांनी घडवली. त्या सुरवंटाचंच नाव घेतलेली यिपिरिन्या नावाची शाळा इथे आहे. सत्तरच्या दशकाच्या शेवटी गावाच्या कडेच्या वस्त्यांमधल्या आयाआज्यांनी ती सुरू केली, कारण त्यांची मुलं गावातल्या शाळांमध्ये जायची आणि परत यायची, तिथे त्यांचं कोणी नव्हतं. सरकार मान्यता द्यायला तयार नव्हतं, बरीच भांडाभांडी करून १९८३ ला नोंदणी मिळाली. मध्य अरेर्न्ता, पश्चिम अरेर्न्ता, लुरिचा आणि वार्लपिरी अशा चार भाषा तिथे शिकवायचं ठरलं. म्हणजे मी ज्याला फॉर्मवरची अडचण समजत होते ते काम इथल्या बायांनी चाळीस वर्षांपूर्वी करून दाखवलं होतं.

मला सगळ्यात जास्त पकडून ठेवलं ते दरवाज्यांनी. तनामी रोडने वायव्येला जवळजवळ तीनशे किलोमीटर गेलं की युएन्दुमू लागतं, वार्लपिरी लोकांचं गाव. १९८३ ला तिथल्या शाळेचे दरवाजे गावातल्या पाच वडीलधाऱ्या पुरुषांनी रंगवले, एकूण ३० दरवाजे. तोवर वाळूवर, अंगावर, समारंभात काढली जाणारी त्यांची चित्रं त्यांनी शाळेच्या साध्या सरकारी दरवाज्यांवर आणली, झगझगीत ॲक्रिलिक रंगांत, ठिपके, वर्तुळं, पावलांच्या रेघा. प्रत्येक चित्रात एक वाट आहे, कुठल्या पूर्वजाने कुठून कुठे प्रवास केला, कुठल्या पाण्यापाशी थांबला, आणि ती जमीन आज कोणाची जबाबदारी आहे. रोज वर्गात शिरताना मुलाने आपल्याच जमिनीच्या नकाशातून आत जायचं. ॲडलेडला म्युझियममध्ये ह्यातले काही दरवाजे मी बघितले, १९९५ ला ते तिकडे नेऊन जतन केलेत. मी अगदी जवळ जाऊन उभी राहिले. कुलपाच्या आजूबाजूचा रंग हात लागून लागून उडालेला, खालच्या बाजूला उन्हाने आणि वाळूने खरवडलेला, आणि चित्रांवर पोरांनी कोरलेली, गिरगटलेली अक्षरं. बारा वर्षं ते दरवाजे वापरात होते. गार्डने थोडं मागे व्हायला सांगेपर्यंत मी ती अक्षरं वाचत होते. मला त्या ओरखड्यांचं वाईट नाही वाटलं. शाळेचा दरवाजा होता तो, मुलं त्याच्यावर रेलली, त्याला लाथा घातल्या, त्याच्या आडोशाला उभी राहिली, तसंच व्हायला हवं होतं.

युएन्दुमूच्या शाळेत १९७४ पासून वार्लपिरी आणि इंग्रजी दोन्हीत शिकवतात. आधी आपल्या भाषेत वाचायला लिहायला शिकायचं, इंग्रजी सुरुवातीला बोलून ऐकून, मग वरच्या वर्गांत पायरी पायरीने इंग्रजीचा वाटा वाढवत न्यायचा. त्याच्यासाठी पुस्तकं कुठून आणायची तर गावातच छापखान्याची एक खोली, तिथे आज्या बोलणार, कोणीतरी टेपवर घेणार, वार्लपिरी शिक्षिका लिहून काढणार, कोणी चित्रं काढणार, अशी शेकडो छोटी पुस्तकं तयार झाली. लाजामानू, न्यिर्पी आणि विलोरा ह्या बाकीच्या वार्लपिरी गावांतल्या शाळा आणि युएन्दुमू मिळून विषय ठरवतात आणि वर्षातून काही दिवस मुलांना घेऊन सगळे कंट्रीवर मुक्कामाला जातात. कंट्री म्हणजे इथे नुसती जमीन नाही, त्यात पाणी, आग, पूर्वज, गाणी, नाती आणि त्या सगळ्याची देखभाल आलीच. २००५ पासून वार्लपिरी लोकांनी आपल्या जमिनीवरच्या सोन्याच्या खाणीतून मिळणाऱ्या रॉयल्टीतून शिक्षणासाठी एक ट्रस्ट केलाय, त्यातून ह्या सहलींचे, पुस्तकांचे पैसे येतात. हे मला फार मोठं वाटतं. वाटून खाता आले असते ते पैसे.

ह्यात एक गोष्ट मला कळायला वेळ लागला, पण कळल्यावर बाकीचं सगळं जागेवर बसलं. वार्लपिरी लोकांत एखाद्या जागेची गोष्ट कोणीही उठून सांगू शकत नाही. वडिलांकडून ज्यांचा त्या जागेशी संबंध आहे ते किर्दा, आणि आईकडून ज्यांचा आहे ते कुर्दुंगुर्लु. किर्दा सांगणार, कुर्दुंगुर्लु समोर बसून बरोबर सांगितलं जातंय ना ते बघणार, चुकलं तर तिथेच थांबवणार. म्हणजे आजोळच्या माणसांना दुरुस्ती करायचा हक्क. एका दुपारी आमच्या लंचरूममध्ये एका वार्लपिरी असिस्टंट टीचरने मला हे समजावलं आणि वर म्हणाली की तुमच्या शाळेत दोन वर्षांसाठी बाहेरून आलेला कोणीही शिक्षक पुस्तक उघडून आमच्या डोंगराची गोष्ट सांगतो, त्याला तपासायला समोर कोण बसलेलं असतं? मी काहीच बोलले नाही. महिन्यातून एक दिवस मुलांना ठिपक्यांची चित्रं काढायला लावणं, असेंब्लीत इथल्या मूळ लोकांबद्दल आदराचं एक वाक्य म्हणणं आणि ह्या प्रकारची शाळा, ह्यांच्यातला फरक तिने एका प्रश्नात सांगून टाकला होता.

आमच्या मुलांबरोबर एकदा मीही कंट्रीवर गेले होते, फर्स्ट एडचं किट घेऊन. जुलै होता, पहाटे गवतावर बर्फासारखं दंव आणि दहा वाजता स्वेटर काढावा लागेल असं ऊन. मुल्गाच्या झाडांखालची लाल माती, आणि तिथे तीन आज्या मधमुंग्या शोधत फिरत होत्या. मी वाट बघत होते की आता त्या मुलांना गोळा करून काहीतरी सांगतील. कोणी काही सांगितलं नाही. एका आजींनी फावड्याने वरची माती हलकेच खरवडली, वाकून बघितलं, पुढच्या झाडाकडे गेल्या, तिथे पुन्हा तेच, मग एका ठिकाणी बसल्या. टाचणीच्या डोक्याएवढं भोक होतं, मला दाखवूनही पटकन दिसलं नाही. त्यांनी खणायला घेतलं, पहार, मग डबा, मग हाताने, कंबरेएवढा खड्डा, भोकाची दिशा हरवू नये म्हणून आत गवताची काडी घालून बघायच्या. मुलं भोवती उकिडवी बसलेली, वर्गात एका जागी पाच मिनिटं न बसणारा एक मुलगा तासभर तिथे बसला होता. मग भिंतीत एक पोकळी उघडली आणि छताला लोंबकळलेल्या मुंग्या, पोट लहान द्राक्षाएवढं फुगलेलं, मधाच्या रंगाचं, उन्हात धरलं की आरपार दिसणारं. डोकं चिमटीत धरून पोट तोंडात घ्यायचं. गोड, किंचित आंबट, मागे मातीचा वास. आजींनी सगळ्या काढल्या नाहीत, काही तशाच ठेवल्या आणि मोठ्या मुलांना माती परत लोटायला लावली. तेवढ्यात त्या दोन वाक्यं बोलल्या असतील, ती अरेर्न्तात, आणि मुलांनी ती पुन्हा म्हटली. दुसऱ्या दिवशी वर्गात त्या खड्ड्याचं चित्र, मापं, शब्द, सगळं वहीत आलं, दोन भाषांत.

आणि हे असं काही पहिल्यांदाच घडत नाहीये हे वाचत गेले तसं कळत गेलं. पार उत्तरेला, अर्नहेम लँडमध्ये, यिर्रकालाला योल्ङू लोकांनी १९६३ ला बॉक्साइटच्या खाणीविरुद्ध संसदेला अर्ज पाठवला, झाडाच्या सालीवर आपली चित्रं काढून त्याच्यामध्ये टाइप केलेला मजकूर चिकटवला, योल्ङू भाषेतही आणि इंग्रजीतही. खाण थांबली नाही. पण दोन्ही भाषांत, आपल्या आणि सरकारच्या दोन्ही कायद्यांत उभं राहायची ती तयारी पुढे शाळेत आली. सत्तरच्या दशकात केंद्र सरकारने टेरिटरीत दोन भाषांच्या शाळांना पाठबळ दिलं तेव्हा यिर्रकाला त्यात होती, आणि १९९० ला मंदावुय युनुपिंगू तिथे मुख्याध्यापक झाले, टेरिटरीतले पहिले ॲबोरिजिनल मुख्याध्यापक, यॉथू यिंडी बँडमुळे पुढे जगभर ओळखले गेलेले. त्या काळात वडीलधाऱ्यांबरोबर बसून अभ्यासक्रम बांधला गेला. गणिताचंच बघा, एका बाजूला आकडे आणि दुसऱ्या बाजूला गुर्रुतु म्हणजे नात्यांची व्यवस्था, जी आकड्यांसारखीच नियमाने पुढे पुढे वाढत जाते आणि जिच्यात प्रत्येक माणसाला, झाडाला, जागेला स्थान आहे. योल्ङू मूल ती शाळेत येण्याआधीच शिकून आलेलं असतं. शिक्षकाला ती येत नसली तर मुलाला काही येत नाही असा शेरा बसतो.

मग २००८. त्या वर्षी देशभर एकच परीक्षा सुरू झाली, तिसरी, पाचवी, सातवी, नववीला, इंग्रजीत. दूरच्या वस्त्यांचे आकडे वाईट आले. ऑक्टोबरमध्ये टेरिटरीच्या शिक्षणमंत्र्यांनी जाहीर केलं की सगळ्या शाळांमध्ये रोजचे पहिले चार तास इंग्रजीतच होतील. शाळेचा दिवस असतो साधारण पाच तासांचा. म्हणजे आपल्या भाषेला उरली ती जेवणानंतरची, चाळीस डिग्रीतली, पेंगुळलेली वेळ. गंमत म्हणून नाही, वेदना म्हणून सांगते, त्या मंत्री मॅरियन स्क्रिमगोर स्वतः ॲबोरिजिनल आहेत आणि पुढे त्यांनी त्या निर्णयाबद्दल जाहीर खंत व्यक्त केली. काही वर्षांनी ते धोरण गुपचूप बाजूला पडलं. पण तोवर वार्लपिरी, योल्ङू शिक्षिकांना जे कळायचं ते कळलं होतं, की तीस वर्षं केलेलं काम एका घोषणेत चार तासांनी मागे ढकलता येतं. काही जणी त्यानंतर शाळेत परतल्याच नाहीत. यिर्रकाला मात्र चिकटून राहिली आणि २०२० ला तिथून आठ योल्ङू विद्यार्थी युनिव्हर्सिटीला लागणारे मार्क घेऊन बाहेर पडले, त्या गावात पहिल्यांदाच. आपल्या भाषेत शिकून. मला त्या दिवशी ऑफिसात बसून रडू आलं होतं.

माझी मुलगी रविवारी ऑनलाइन मराठी शिकते. कंटाळते, क वरून काना मात्रा करत बसते, मी रागावते, मग आम्ही दोघी जेवायला बसतो. मला वाईट वाटतंच तिची मराठी पातळ होताना बघून, इथल्या सगळ्या मराठी घरांत हे चालू आहे. पण माझ्या मुलीने मराठी सोडली तरी सांगलीला माझ्या भावाच्या घरी, बाजारात, एसटीत मराठी चालूच राहणार आहे, तिला विसाव्या वर्षी परत यावंसं वाटलं तर परत यायला जागा आहे. ऑस्ट्रेलियात गोरे लोक आले तेव्हा अडीचशेच्या वर भाषा होत्या, आज लहान मुलं पहिली भाषा म्हणून घरात शिकतात अशा जेमतेम बाराच्या आसपास. त्या आजींच्या नातवाने सोडली तर ती दुसऱ्या कुठल्या देशात सांभाळून ठेवलेली नाहीये. म्हणून "आमच्याही मुलांची भाषा जाते हो" असं आमच्यातलं कोणी इथे म्हणायला लागलं की मी हल्ली थांबवते. दोन गोष्टी सारख्या नाहीत.

आपल्याकडच्या एका कामाची मात्र आठवण येत राहते. माझी मावशी बालवाडी शिक्षिका होती, ती नेहमी कोसबाडच्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ ह्यांच्याबद्दल सांगायची. वारली मुलं गुरं घेऊन रानात जातात म्हणून शाळेत येत नाहीत, तर ह्या बायांनी शाळाच रानात नेली, कुरणशाळा. गुरं चरतायत, मुलं पानं, बिया, दगड मांडून मोजतायत. मावशीला त्याचं काय कौतुक होतं! आता मला वाटतं, इथल्या आज्या त्याच्याही एक पाऊल पुढचं मागतायत. शाळा रानात आणा एवढंच त्यांचं म्हणणं नाही, रानात आधीपासून शाळा आहे, तिचे शिक्षक आहेत, त्यांना शिक्षक म्हणा. आणि इंग्रजी नको असं एकाही आजीने मला आजवर सांगितलेलं नाही. कोर्टात उभं राहता यावं, हॉस्पिटलचे कागद वाचता यावेत, खाणवाल्यांशी बोलता यावं म्हणून इंग्रजी हवीच आहे, चांगली हवी आहे. हे किंवा ते, असा प्रश्न सरकारी कागदावर असतो, त्यांच्या घरात नसतो.

तो मुलगा पुढच्या आठवड्यात आला. पायाला लाल माती, केस वाढलेले, बाकी नेहमीसारखा. वर्गात मागे राहिलेला अभ्यास त्याच्यासमोर ठेवला गेला. तिकडे काय शिकला हे त्याला कोणी विचारलं नाही, विचारलं असतं तरी सगळं सांगायचा त्याला हक्क नसणार, आणि तेही त्याच्या शिकण्यातच आलं. मी मात्र प्रिन्सिपॉलकडे जाऊन बसले. टेरिटरीत २०१३ पासून काही गावांत शाळा आणि तिथले ॲबोरिजिनल रेंजर मिळून मोठ्या मुलांना कंट्रीवर शिकवतात, पाणी तपासणं, आगी लावून जंगल सांभाळणं, जनावरांच्या नोंदी, आणि तो वेळ शाळेतच धरला जातो. मग आमच्याकडे आजोबांची सही असलेला कागद का चालू नये, असं मी विचारलं. त्यांनी ऐकून घेतलं, वर विचारते म्हणाल्या. मी दर आठवड्याला आठवण करते.

लंचरूममधली ती असिस्टंट टीचर परवा प्रिंट काढायला आली होती. तिला विचारलं, तुझ्या हातात असतं तर पहिलं काय केलं असतंस? मला वाटलं भाषेबद्दल काही म्हणेल. ती म्हणाली, घर. वर्षानुवर्षं गावाबाहेरून येणाऱ्या शिक्षकाला सरकारी क्वार्टर मिळत आलंय, एसीवालं, कुंपण असलेलं, आणि त्याच गावातल्या शिक्षिकेला मिळत आलेलं नाही कारण ती "स्थानिक" आहे. ती चौदा माणसांच्या घरातून उठून सकाळी शाळेत येते, वर्ग तीच सांभाळते, मुलांना काय कळलं नाही ते तीच त्यांच्या भाषेत सांगते, आणि पगार असिस्टंटचा. बाहेरून आलेला वर्ष दोन वर्षांत निघून जातो, ती पुढच्या नव्याला सगळं पहिल्यापासून शिकवते. सत्तर ऐंशीच्या दशकात बॅचलर नावाच्या, टेरिटरीतल्याच एका कॉलेजने गावातच येऊन ज्या वार्लपिरी, योल्ङू, अरेर्न्ता बायांना पूर्ण शिक्षक केलं त्यातल्या बऱ्याच आता रिटायर झाल्यात, काही गेल्या. त्यांच्या जागी येऊ शकतील अशा तरुण मुली आहेत, मी ओळखते त्यांना, एकीचा फॉर्म मीच भरून दिलाय. त्यांना गावाजवळ ट्रेनिंग हवंय, पूर्ण शिक्षकाचा पगार हवाय आणि दाराला कुलूप असलेलं स्वतःचं घर हवंय. तिन्ही गोष्टी पैशाने होण्यासारख्या आहेत आणि सरकारकडे तेवढे पैसे आहेत.